कासच्या पठाराची शाल विणायचीय? आधी उलटी बाजू बघा

सप्टेंबरात कासला जाऊन आलं की विणणाऱ्या बाईच्या डोक्यात एकच किडा वळवळतो, हे सगळं शालीवर आणायचं. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, गेंदाचे पांढरे ठिपके आणि खाली काळपट जांभा. रंग पाच मिनिटांत ठरतात, घोडं अडतं ते विणायचं कसं यावर. सुयांवर रंगीत नक्षी विणायचे फेअर आयल, इंटार्शिया आणि मोझेक हे तिन्ही प्रकार मी करून बसलेय, एक अजून अर्धवट कपाटात पडलाय, तेव्हा ऐका.

फेअर आयल म्हणजे स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांमधल्या त्या नावाच्या बेटावरची पद्धत. एका ओळीत दोनच रंग, जो नको तो मागून न्यायचा. लांबून पठाराचे जे पट्टे दिसतात, गुलाबी मग पिवळा मग हिरवा, ते याच्यात येतात तसे कशातच येत नाहीत. पण मागचे धागे! स्वेटरचे आत जातात हो, शालीचं टोक वाऱ्याने उलटलं की सगळा संसार बाहेर. माझ्या शालीत दोन फुलांमधे नऊ टाक्यांचं अंतर होतं, मी मधे धागा अडकवला नाही, आणि एका लग्नात माझीच बांगडी त्यात अडकली आणि हात खाली घेतला तर अख्खी ओळ गोळा. चार-पाच टाक्यांनी अडकवत जा. शिवाय दोन धाग्यांमुळे शाल जाड होते, पुण्याच्या डिसेंबरात चालेल, मुंबईत कोण घालणार? आणि सपाट विणलं तर उलट ओळीतही दोन रंग सांभाळावे लागतात. म्हणून तिकडे नळीसारखं गोल विणतात आणि मग चक्क कात्रीने उभं कापून सपाट करतात, तेही चालतं कारण शेटलंडच्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून बसतात. ॲक्रिलिकला तशी कात्री लावलीत तर टाके सुटलेच म्हणून समजा.

इंटार्शियात प्रत्येक रंगाच्या तुकड्याला वेगळा गुंडा, रंग बदलताना दोन धाग्यांना पीळ द्यायचा, नाहीतर तिथे भोक पडतं. कुमुदिनीचं तळं काढायचंय एवढा मोठा सलग तुकडा असेल तर हेच करा, हलकं होतं आणि मागून बरंच स्वच्छ. फुलांसाठी मात्र नाही. बारा गुंडे लोंबकळत होते माझे, ओळीपेक्षा गुंता सोडवण्यात जास्त वेळ गेला. कपाटातली ती हीच.

मोझेक माझं आवडतं, आणि पहिलीच शाल असेल तर डोळे झाकून हे घ्या. दोन ओळी एका रंगाने, त्यात दुसऱ्या रंगाचे टाके न विणता नुसते सरकवायचे, मग पुढच्या दोन दुसऱ्या रंगाने. हातात एका वेळी एकच धागा. दोन्हीकडून सुलट विणलं तर कडा वळत नाहीत, मागे लांब धागे नाहीत, आणि नक्षीची एक ओळ म्हणजे विणीच्या दोन, त्यामुळे टाका जवळजवळ चौकोनी पडतो, मुलांच्या वहीतला साधा आलेख कागद चालतो (फेअर आयलला तोच वापरलात तर फूल चपटं होतं). तोटा असा की नक्षी ठोकळेबाज येते, सोनकीची पाकळी गोल निघणार नाही. मी पिवळे ठिपके नंतर सुईदोऱ्याने टाक्यावर टाका घालून भरले, कुणाला कळलंही नाही.

लोकरीचं म्हणाल तर दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीचा मोह होतो, जांभ्याचा रंग आयता मिळतो, पण ती मानेला टोचते, घोंगडीलाच ठीक. आणि काहीही निवडा, गुंडे शेजारी ठेवून मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढा. माझा तेरडा आणि गवत दोन्ही एकाच करड्या रंगाचे निघाले, म्हणजे नक्षी उठून दिसलीच नसती, दुकानात जाऊन हिरवा बदलून गडद आणावा लागला.