साडेदहाची मुलाखत आणि ३,२०,२५० रुपये

ब्रिटनमधल्या विद्यापीठात प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्या एका एजंटनं मला कितीला फसवलं, तो आकडा आधीच लिहून टाकते, कारण घरी तो पूर्ण सांगायला मला अकरा दिवस लागले. नोंदणीचे २५,०००. एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं निवेदन, आणि 'प्रायॉरिटी अर्जा'चे १८,५००. ट्यूशन डिपॉझिट म्हणून २,१२,०००. कॅससाठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या प्रवेश-पुष्टीसाठी म्हणून ६४,७५०. एकूण ३,२०,२५० रुपये. यातले डिपॉझिटचे पैसे माझ्या दादाचे होते.

मी अडाणी नाही, हे मला सांगायचंच आहे, कारण गेल्या काही महिन्यांत ज्याला त्याला तसंच वाटलेलं मी पाहिलंय. यूपीएससीचे तीन अटेम्प्ट दिलेत. ऑप्शनल होता पॉलिटिकल सायन्स आणि इंटरनॅशनल रिलेशन्स. तिसऱ्यांदाही मेन्सलाच अडकले, तेव्हा ठरवलं की ब्रिटनमध्ये आयआरमध्ये एमए करायचं. एक वर्षाचा कोर्स, विषय हातातला, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षाही झालेली. कन्सल्टंटची खरं तर गरजच नव्हती. ब्रिटनमध्ये एमएचा अर्ज विद्यापीठाच्या साइटवर थेट करता येतो, अनेक ठिकाणी त्याला फीही नसते. हे तेव्हा कोणी सांगितलं नाही, असं म्हणायचीही सोय नाही. मी वाचलं होतं. पण तीन वर्षं निकालांच्या याद्यांत स्वतःचा नंबर न सापडलेल्या माणसाला 'तुमची प्रोफाइल स्ट्राँग आहे' असं कोणी मराठीत सांगितलं की काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

परदेशी शिक्षणाच्या एका टेलिग्राम ग्रुपवर या एजंटशी ओळख झाली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गोड बोलणं, इतरांच्या व्हिसाचे फोटो, 'फक्त चार सीट उरल्यात'. त्यात वेळ घालवत नाही. मला सांगायचंय ते मुलाखतीबद्दल.

१३ मार्च २०२५, सकाळी साडेदहा. विभागातले प्राध्यापक स्वतः व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेणार, असं कळवलं होतं. मी पहाटेपासून तयारीत. कॉल लागला. पन्नाशीचा गोरा माणूस, चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट, बाजूच्या खिडकीतून कपाटावर पडलेलं ऊन.

ऊन!

मार्चच्या मध्यात ब्रिटन आपल्या साडेपाच तास मागे असतं. आपल्याकडे साडेदहा म्हणजे तिथे पहाटेचे पाच. मिट्ट काळोख असतो तेव्हा. पहाटे पाचला कुठला प्राध्यापक प्रवेशाची मुलाखत घ्यायला बसतो? हे गणित मला जूनमध्ये सुचलं. त्या दिवशी मी फक्त माझा कॅमेरा सरळ आहे ना, एवढंच बघत होते.

आणि त्याहून वाईट पुढे आहे. माझ्या एसओपीचा विषय होता, पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघात, म्हणजे लीग ऑफ नेशन्समध्ये, अमेरिका का गेली नाही. हा माणूस दोन महायुद्धांमधल्या काळाचा तज्ज्ञ, असं मला पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं. घाबरून मी बोलून गेले की अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष विल्सन यांनी शांततेसाठीचे आपले चौदा मुद्दे १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत मांडले. चूक! चौदा मुद्दे ८ जानेवारी १९१८ चे, अमेरिकन काँग्रेससमोरच्या भाषणातले. युद्ध चालू असतानाचे. आमच्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यातला मुलगाही हे चुकत नाही. आणि तो माणूस मान डोलावून म्हणाला, 'एक्झॅक्टली, नाइन्टीन नाइन्टीन.' नुसतं ऐकून घेतलं असतं तर समजू शकले असते. त्यानं माझी चूक स्वतःच्या तोंडानं परत उच्चारली. ज्या विषयाच्या जगातल्या पहिल्या अध्यासनाला, वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या, विल्सनचंच नाव आहे, तो विषय शिकवणाऱ्याला हे साल ठाऊक नसेल?

कॉल संपल्यावर पाचच मिनिटांत माझी चूक माझ्या लक्षात आली होती. म्हणजे पुरावा माझ्या हातात होता. आणि मी त्याचा अर्थ काय लावला? सर किती मोठ्या मनाचे, मला ओशाळं वाटू नये म्हणून त्यांनी सांभाळून घेतलं. आईलाही तसंच सांगितलं. हे वाक्य आठवलं की आजही जेवण जात नाही. त्यानंतरच्या सगळ्या प्रश्नांपैकी विषयाचा एकही नव्हता. खर्च कोण करणार, खात्यात किती आहेत, डिपॉझिट किती दिवसांत भरू शकाल, एवढंच.

चार दिवसांत 'अनकंडिशनल ऑफर' आली. ईमेलच्या पत्त्यात विद्यापीठाचं नाव होतं, पुढे एसी, मग यूके, पण मधे टिंबाऐवजी आडवी रेघ आणि शेवटी डॉट कॉम. जवळजवळ सगळ्या ब्रिटिश विद्यापीठांचे पत्ते डॉट एसी डॉट यूके या अक्षरांवर संपतात. त्यापुढे काहीही असलं तर तो पत्ता विद्यापीठाचा नाही. शेवटची अक्षरं वाचा, पहिली नाही.

२४ मार्चला डिपॉझिट भरलं. इथे माझी बाजूही ऐका. कॅस देण्याआधी डिपॉझिट घेणं ही अनेक ब्रिटिश विद्यापीठांची खरीच पद्धत आहे, त्यामुळे मागणी खोटी वाटली नाही. खातं भारतातल्या एका फर्मचं होतं, तेव्हा मी विचारलं होतं. 'पेमेंट पार्टनर आहे मॅडम, रुपयात भरायची सोय.' अशा सोयी खऱ्याही असतात. पण पैसा परदेशात जाणार असेल तर पॅन लागतो, कशासाठी पाठवताय ते लिहून द्यावं लागतं, ए-२ फॉर्म असतो. माझ्याकडून यातलं काहीही मागितलं नाही. साधं आयएमपीएस. तिथेच थांबायला हवं होतं. दादानं तेव्हा विचारलं होतं, 'नक्की ना?' मी त्याच्यावर चिडले होते.

२ जूनला 'कॅस रिलीज'चे ६४,७५० गेले. कॅससाठी अशी वेगळी फी विद्यापीठ विद्यार्थ्याकडून मागत नाही. १९ जूनला मी हॉस्टेलबद्दल विचारायला विद्यापीठाच्या खऱ्या साइटवरचा पत्ता घेऊन मेल केला. उत्तर दोन ओळींचं. या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही, आपल्या स्थानिक यंत्रणेकडे तक्रार करावी.

स्थानिक यंत्रणा!

त्याच दिवशी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, पावती क्रमांक मिळाला. शेवटचे पैसे जाऊन सतरा दिवस झाले होते. हा नंबर पहिल्या तासात लावायचा असतो, पैसे खात्यातून खात्यात फिरायच्या आत. शंका आली की लाज बाजूला ठेवून आधी तो फोन करा, घरच्यांना नंतर सांगा.

मग पोलीस ठाणं. 'पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत ना? मग फसवणूक कशी?' हा पहिला प्रश्न. दीड तासानं सायबरला जायला सांगितलं. सायबरवाले म्हणाले, तुमच्या हद्दीच्या ठाण्यातच जा. परत पहिल्या ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला त्यांनी तक्रार 'अर्ज' म्हणून घेतली. अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे, हे मला घरी आल्यावर कळलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी ते छापून नेलं. ठाणे अंमलदारांनी कागद न वाचता माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाले, 'एवढं वाचता येतं, मग पैसे कसे पाठवले?' मागे बाकावर दोन माणसं बसली होती. ती हसली.

त्याच कलमात पुढे आहे की ठाण्यानं नकार दिला तर तक्रार लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. पाठवली. स्पीड पोस्टानं. पावती जपा. सातव्या आठवड्यात गुन्हा दाखल झाला, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आणि आयटी कायद्याचं, तोतयेगिरी करून फसवण्याबद्दलचं, ६६ डी. सात आठवडे! जे काम पहिल्या दिवशी अर्ध्या तासाचं होतं त्याला.

बँकेची तऱ्हा वेगळी. माझी बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात, त्यामुळे ग्राहकाच्या मर्यादित जबाबदारीचा नियम लागू नाही. समोरची बँक म्हणते, खातेदाराची माहिती फक्त पोलिसांना देऊ. पोलीस म्हणतात, बँकेकडून उत्तर आलं नाही. तिघांच्या मधे मी फाइल घेऊन उभी. जिचे पैसे गेले तिला सोडून सगळ्यांना गोपनीयता आहे. बँकेनं तीस दिवसांत लेखी उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही. मी गेलेय. तोंडी तक्रार कुठेही करू नका.

आणखी काही, जसं सुचेल तसं. विद्यापीठाच्या साइटवर देशवार अधिकृत प्रतिनिधींची यादी असते, तिथे एजंटचं नाव शोधा. विद्यापीठ विद्यार्थी व्हिसासाठी स्पॉन्सर आहे का, ते ब्रिटिश सरकारच्या जाहीर यादीत दिसतं. मला याच एजंटनं 'चेव्हनिंगच्या', म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीच्या, 'कोट्यातून' ३० टक्के सवलत सांगितली होती. चेव्हनिंगला कोटा विकणारा कोणी नसतो, अर्जाला पैसे लागत नाहीत आणि किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, जो माझ्याकडे नव्हताच. एसओपी स्वतः लिहा. माझ्या १८,५०० रुपयांच्या एसओपीतले दोन परिच्छेद नंतर मला जसेच्या तसे नेटवर सापडले.

आज त्या फर्मच्या खात्यात ४१,३०० रुपये गोठवलेले आहेत. ते कोर्टाच्या आदेशाशिवाय सुटणार नाहीत आणि त्या खात्यावर दावा सांगणारी मी एकटी नाही, असं तपास अधिकाऱ्यांच्या बोलण्यातून कळलं. दादानं पैशांबद्दल एकदाही विचारलेलं नाही. ते मला जास्त लागतं.

तुमचीही मुलाखत चष्म्यातल्या अशा एका सरांनी, पुस्तकांच्या कपाटासमोर, भर उन्हात घेतली असेल आणि डिपॉझिट अजून भरलं नसेल, तर भरू नका. भरलं असेल तर आधी १९३० लावा आणि मुलाखतीचा स्क्रीनशॉट असला तर पुसू नका. माझ्याकडे एकही नाही.