‘अटलांटिक जायंट’ बियाणं : चित्रात नारिंगी, वेलीवर करडं

राक्षसी भोपळ्याचं हे बी खान्देशात बहुतेक जण ऑनलाइन मागवतात. पाकिटावर नारिंगी फळ असतं आणि वेलीवर कधी करडं-हिरवं धरतं. मग ‘बी बोगस निघालं’ अशी तक्रार होते. ती दर वेळी खरी नसते.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातले हॉवर्ड डिल यांनी हे वाण निवड करत तयार केलं. प्रजाती कुकुर्बिटा मॅक्झिमा. वजनाच्या स्पर्धांत हिचीच पिवळी-नारिंगी फळं ‘पम्पकिन’ ठरतात आणि हिरवी, निळसर, करडी फळं ‘स्क्वॅश’. फरक रंगाचा, गुणसूत्रांच्या २० जोड्या दोन्हींत सारख्याच, संकरही सहज होतो. अमेरिकेतले स्पर्धक जो जुट्रास यांचा २०१७ चा २,११८ पौंडी, म्हणजे सुमारे ९६० किलोचा हिरवा स्क्वॅश याच प्रजातीचा.

साल फळ धरणाऱ्या वेलीच्याच पेशींची असते, त्यामुळे शेजारच्या वेलीचा पराग यंदाच्या फळाचा रंग बदलत नाही. सरमिसळ झाली असेल तर ती बी धरलं त्या शेतात. म्हणून विक्रेत्याला विचारा : परागीभवन हाताने, फुलं बांधून केलं होतं का? आई-बापाचे रंग कोणते? पाकिटावर हे छापलेलं नसणं हा मोठा दोष, त्यासाठी गुण कापायलाच हवेत.

खरी फसवणूक म्हणजे पाकिटात आपल्या डांगराचं बी भरणं. डांगर म्हणजे गंगाफळ, बहुतेक कुकुर्बिटा मोश्चाटा. त्याचा देठ कडक, पाच कंगोऱ्यांचा, फळाला टेकतो तिथे पसरट; पानांवर बऱ्याचदा पांढुरके ठिपके. मॅक्झिमाचा देठ जाड, गोलसर, बुचासारखा मऊ. ठिपके रोपावरच दिसतात, तेव्हा फळाची वाट पाहू नका.

उन्हाळी लावण टाळा. कडक उन्हात नर फुलंच जास्त येतात, मादी कळ्या गळतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गादीवाफ्यावर, ठिबकवर लावा; काळ्या जमिनीत पाणी साचलं की बुंधा सडतो. मुख्य वेलीवर बुंध्यापासून १०-१२ फुटांवरचं एकच फळ ठेवा, खाली वाळू पसरा. भुरी आणि फळमाशीवर पहिल्यापासून नजर हवी.

प्रदर्शनासाठी घ्यायला हरकत नाही, पाचपैकी तीन गुण. भाजीसाठी नको : गर पाणचट, गोडी कमी. तिथे आपलं डांगरच सरस.