घरी केलेलं कोकम-शिया बटर, आठ महिने वापरून (नागपूरच्या थंडीत अन् उन्हाळ्यात)

दसऱ्यानंतर हे अंगाला लावायचं बटर (कोकमाच्या बियांचं तूप अन् शिया, म्हणजे आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं तूप) सुरू केलं होतं, आता जून लागला, म्हटलं जे खरं आहे ते लिहून टाकावं, कारण मी व्हिडिओ पाहून पाहून शिकले अन् तिथं सगळे नुसतं "स्किन एकदम सॉफ्ट" करत असतात, मेमध्ये नागपूरला त्या डबीचं काय होते हे कोणीच सांगत नाही बाप्पा.

माझा प्रॉब्लेम टाचांचा. डिसेंबरात भेगा अशा पडतात की रात्री पाय हलवला की चादरीचे दोरे अडकतात, ज्यांना होते त्यांनाच कळेल. मेडिकलमधल्या क्रीमने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

पहिली बॅच फुकट गेली. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू वाळवून तेलात टाकला, कारण रेसिपीत कॅलेंड्युला लिहिलं होतं अन् मला वाटलं तेच. नाहीये ते. इंग्रजीत दोघांनाही मेरीगोल्ड म्हणतात म्हणून घोळ होतो, झाडं वेगवेगळी आहेत. वरून कुंडीतल्या कोरफडीचा ताजा गर घातला. नवव्या दिवशी झाकण उघडलं तर वर काळे-हिरवे ठिपके अन् ओल्या फडक्यासारखा वास. आत पाणी गेलं की बुरशी आलीच, व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून घातल्या तरी काही होत नाही, त्याने तेल खवट व्हायला जरा वेळ लागतो एवढंच, बुरशी थांबत नाही. तेव्हापासून डबी, चमचा, हात सगळं कोरडं लागते मला, घरचे हसतात.

मग इतवारीतल्या जडीबुटीवाल्याकडून मंजिष्ठा (लाल रंगाची मुळी) अन् ज्येष्ठमध आणलं, दोन्ही वाळलेलं. तिळाच्या तेलात टाकून गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून मंद गॅसवर दोन तास. तेल छान लालसर होते. मलमलच्या कपड्यातून गाळायचं. मग २० ग्रॅम कोकम बटर आधी वितळवायचं कारण ते कडक, गॅस बंद करून त्यात ४० ग्रॅम शिया अन् ४० ग्रॅम हे तेल. शिया हळूहळू थंड झालं की रव्यासारखे दाणे धरते, माझं दोनदा झालं, खराब नसते ते, हातावर विरघळते, पण बोटाला टोचल्यासारखं वाटते. परत वितळवून भांडं बर्फाच्या पाण्यात धरून ढवळलं (पाणी आत उडू द्यायचं नाही!) तेव्हा कुठे गुळगुळीत झालं.

ऑफिसमधल्या सावंतवाडीच्या ताईंनी कोकम बटरचा तुकडा पाहिला अन् म्हणाल्या, "अगो, हे तर आमचं भिरंडेल! भेगांना हेच लावायचो की." म्हणजे मी जे ऑनलाइन एवढं महाग मागवून राहिले होते ते त्यांच्याकडे लहानपणापासून फळीवर पडलेलं.

रिझल्ट सांगते. रात्री पाय धुऊन, जरा ओलसर असतानाच लावून मोजे घालायचे, साधारण तीन आठवड्यांत भेगा भरल्या. कोपरं, ओठ पण मस्त. चेहऱ्यावर नको, मी आठवडाभर लावलं तर हनुवटीवर पुळ्या. हळद पण एका बॅचमध्ये घातली होती, उशीचं कव्हर अजून पिवळं आहे.

अन् एक गंमत केली, जानेवारीत उजव्या टाचेला मंजिष्ठावालं अन् डाव्या टाचेला साध्या तिळाच्या तेलाचं बटर, महिनाभर. फरक शून्य. एका माणसाच्या दोन टाचा, तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण माझ्यापुरतं सांगायचं तर काम बटर अन् मोजे करतात, मंजिष्ठेने रंग येते. ज्येष्ठमधाचं तर मला काहीच जाणवलं नाही.

आता उन्हाळा. कोकम बटर ३८ ते ४२ डिग्रीच्या आसपास वितळते, शिया त्याच्याही आधी, अन् आपल्याकडे मेमध्ये पारा ४५. डबी पर्ससकट गाडीच्या डिक्कीत राहिली, संध्याकाळी पाहिलं तर पर्समध्ये तेलाचं तळं, त्यात पेट्रोलची पावती तरंगून राहिली होती. मग १२ ग्रॅम मधाचं मेण घालून पाहिलं, ते ६२ च्या वर वितळते, तर डबी टिकली पण अंगाला चिकट चिकट, घामात सहनच होत नाही.

सासूबाई साकोलीकडच्या, त्या इतके दिवस चूप बसून पाहत होत्या. मेण घातलेली डबी पाहून म्हणाल्या, "एवढे पैसे कायले लावतेस वो, आमी त टोरीचं तेल लावत होतो." टोरी म्हणजे मोहाची बी. गावाहून बाटली आणवली त्यांनी. वास जरा उग्र आहे, नवरा नाक मुरडते, पण उन्हाळ्यात पातळ राहते, वितळायचं टेन्शनच नाही. सध्या तेच चालू आहे. उरलेलं कोकम बटर फ्रिजमध्ये चीजच्या डब्याशेजारी ठेवलंय, त्यावर मोठ्या अक्षरात "खायचं नाही" लिहून.