लाइव्ह डॅशबोर्ड आणि काढलेला प्लग

माझ्या साइटचा "डिजिटल ट्विन", म्हणजे साइटसोबत बदलत जाणारी संगणकावरची प्रतिकृती, बनवायला एका कंपनीला किती पैसे दिले, ती रक्कम आधी सांगतो. चार लाख साठ हजार, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5 लाख 42 हजार 800 रुपये. 60 टक्के सही करतानाच दिले, उरलेले तिसऱ्या स्लॅबनंतर. अडवून धरायला माझ्याकडे एक रुपयाही ठेवला नाही, ही माझी पहिली चूक.

मी नाशिकचा छोटा बिल्डर. पाथर्डी फाट्याकडे पार्किंग अधिक सात मजले असं काम चालू आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये दोन तरुण ऑफिसात आले. टॅबवर इमारत गरागरा फिरवून दाखवली. कॉलमवर बोट ठेवलं की आतल्या सळ्या दिसत. "सर, हा तुमच्या साइटचा डिजिटल ट्विन. साइटवर जे होईल ते इथे लगेच दिसणार." मग नागपूर मेट्रोचं नाव आलं. नागपूर मेट्रोच्या कामात फाइव्ह-डी बिम (बांधकामाचं संगणकावरचं माहितीसकट मॉडेल) वापरलं, हे खरंच आहे. थ्रीडी मॉडेलला वेळ आणि खर्च जोडलेला असतो. पण त्या मेट्रोचा आणि या दोघांचा काय संबंध, हे विचारायचं मला सुचलं नाही.

खरं सांगायचं तर मी मॉडेलला भुललो नव्हतो. मी भुललो सेंट्रिंगच्या, म्हणजे ओला स्लॅब पेलणाऱ्या प्लेटा-टेकूंच्या, भाड्याला. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू 7 दिवस ठेवायचे, त्यापुढच्या स्पॅनला 14. माझे हॉल मोठे, म्हणजे 14 दिवस प्लेटा आणि जॅक तिथेच अडकणार आणि भाडं चढत राहणार. हे दोघे म्हणाले, स्लॅबमध्ये सेन्सर टाकतो, काँक्रीटच्या तापमानावरून ताकद कळते, स्क्रीनवर हिरवं आलं की टेकू काढा.

यातलं शास्त्र खोटं नाही, म्हणूनच माणूस फसतो. काँक्रीट जमताना गरम होतं. किती तापलं आणि किती वेळ, यावरून ताकदीचा अंदाज काढता येतो. पण त्याआधी तुमच्याच मिक्सचे क्युब, म्हणजे काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, टाकून, ते वेगवेगळ्या दिवशी फोडून, ताकदीचा तक्ता बनवावा लागतो. आमचं तयार काँक्रीट जिथून येतं त्या आरएमसी प्लांटला या कंपनीचा एक फोनही गेला नव्हता. हे मला नंतर कळलं.

पहिली शंका दुसऱ्या मजल्यावर यायला हवी होती. प्लंबरच्या सांगण्यावरून टॉयलेटची डक्ट नऊ इंच सरकवली, सुधारित ड्रॉइंग त्यांना मेल केलं. ट्विनमध्ये डक्ट जुन्याच जागी. "अपडेट व्हायला वेळ लागतो सर." मी गप्प बसलो. तोवर एका लग्नात साडूला मोबाइलवर कौतुकाने सगळं दाखवूनही झालं होतं.

चौथा स्लॅब जुलैत पडला. त्या रात्री पावसाने झोडपून काढलं. आठव्या दिवशी सकाळी डॅशबोर्डवर हिरवा ठिपका. मी मुकादमाला म्हटलं, उद्यापासून टेकू काढायला घे. तो म्हणाला, "शेठ, मॅडमना एकदा विचारा." मॅडम म्हणजे आमच्या आरसीसी कन्सल्टंट, इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्या इंजिनीअर. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "सात दिवसांचे क्युब किती आले?" ते अजून लॅबमध्येच होते. "मग कशाला हात लावू नका."

संध्याकाळी त्या साइटवर आल्या. लॅपटॉपवर तिसऱ्या आणि चौथ्या स्लॅबचे तापमानाचे आलेख एकावर एक ठेवले. रेघ इकडची तिकडे नाही. तिसरा स्लॅब मे महिन्याच्या उन्हात पडलेला, चौथा भर पावसात, आणि आलेख सारखाच! मॅडम म्हणाल्या, सेन्सरची माहिती पाठवणारा तो डबा कुठे आहे?

डबा स्टोअरमध्ये होता, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांच्या मागे. माहिती तिथून सिमकार्डवरून वर जाते म्हणे. त्याचा प्लग काढून बाजूला टांगलेला आणि त्या सॉकेटमध्ये फिटरचा मोबाइल चार्जिंगला. कधीपासून? "स्लॅबच्या आधीपासून, दादा. कोणी काही बोललं नाही." डबा बंद, आणि स्क्रीनवर दर दहा मिनिटांनी नवा आकडा येत होता.

मग बाकीचंही उलगडलं. ट्विनमध्ये मजले पूर्ण म्हणून हिरवे व्हायचे ते आम्हीच सुरुवातीला दिलेल्या बारचार्टच्या, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाच्या, तारखांवरून. साइटवरून वर काहीच जात नव्हतं.

करार आता वकिलाला दाखवला. इंग्रजीत बारा पानं. "लाइव्ह" हा शब्द कुठेच नाही, "इंडिकेटिव्ह", म्हणजे फक्त अंदाजे, नऊ ठिकाणी. स्लॅबच्या ताकदीची जबाबदारी अर्थात ग्राहकाची. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. नोटीस पाठवली आहे, उत्तर नाही. मॉडेलची आयएफसी फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते ती) मागितली, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून तरी पुढे काम करून घेता आलं असतं. तीही आमची नाही म्हणाले.

तुमच्याकडे असं कोणी आलं तर टॅबवरची इमारत बघत बसू नका. ज्या साइटवर त्यांचं काम चालू आहे तिथे घेऊन जायला सांगा आणि त्यांच्यासमोर डब्याचा प्लग काढा. स्क्रीनवर आकडे यायचे थांबले, तरच चहा मागवा. सुधारित ड्रॉइंग मॉडेलमध्ये किती दिवसांत चढणार ते करारात लिहून घ्या, आणि मोठा हप्ता त्यालाच बांधा. क्युब मात्र कोणी काहीही सांगो, फोडायचेच.

लिंक वर्षभरासाठी होती, त्यामुळे अजून उघडते. आज सकाळी पाहिलं. आमची इमारत पूर्ण झाली आहे, गच्चीवर पाण्याची टाकीही बसली आहे. साइटवर सहाव्या स्लॅबची सळई बांधणं चालू आहे.