हम्प्टी डान्स : नाक मोठं, बेस त्याहून मोठा

डिजिटल अंडरग्राउंड या अमेरिकन हिप-हॉप ग्रुपचं 'द हम्प्टी डान्स' आज परत लूपवर लावलंय. गाणं १९९० चं आहे म्हणजे पस्तीस वर्षं होऊन गेली, आणि तरी तो बेस, म्हणजे खालचा जाड सूर, सुरू झाला की मान आपोआप हलायला लागते, हातातलं काम काय चाललं होतं ते विसरायला होतं. एवढं जुनं गाणं अजून असं अंगात येतं म्हणजे ते नुसतं मजेचं नाहीये, ते जबरदस्त बनवलेलं आहे, आणि हेच मला सांगायचंय कारण बहुतेक लोक याला कॉमेडी गाणं म्हणून सोडून देतात.

आधी बेसबद्दल. तो ठोके देत येत नाही, तो घसरत येतो, म्हशीने चिखलात निवांत अंग टाकावं तसा. जाड, सुस्त, आणि प्रत्येक वळणाला किंचित लोंबकळणारा. खाली ड्रम्स मात्र एकदम कडक, एक इकडचा तिकडे नाही. ते ड्रम्स स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडच्या 'सिंग अ सिंपल साँग' मधून घेतलेत, ते गाणं १९६८ चं, आणि सोबत पार्लमेंट नावाच्या बँडच्या १९८० च्या 'लेट्स प्ले हाऊस'चा तुकडा आहे. म्हणजे फंकची, त्या ठेक्यावर नाचवणाऱ्या अमेरिकन संगीताची, दोन मोठी घराणी एकाच गाण्यात. पण नुसतं उचलून चिकटवलंय असं कुठेही वाटत नाही, ऐकताना सगळं एकाच बँडने एकाच खोलीत वाजवल्यासारखं वाटतं. आणि गंमत बघा, नंतर याच गाण्याचे ड्रम्स इतरांनी इतके उचलले की फंककडून घेतलेली उधारी त्याने पुढच्या पिढीला फेडली असंच म्हणायला हवं.

आता हम्प्टी. शॉक जी म्हणजे ग्रेगरी जेकब्स, ओकलंडच्या या ग्रुपचा मुख्य माणूस, रॅप, कीबोर्ड, प्रॉडक्शन सगळं बघणारा. त्याने चष्म्याला लावलेलं मोठं खोटं नाक घातलं, आवाज नाकातून काढला आणि हम्प्टी हम्प नावाचा वेगळाच माणूस उभा केला. किचनमधल्या अपघातात नाक भाजलं अशी त्याची बनावट गोष्टसुद्धा रचली, आणि कितीतरी लोकांना बरीच वर्षं हे दोघं वेगळे आहेत असंच वाटत होतं!! हेडफोन लावून नीट ऐका, हम्प्टी ओळीच्या शेवटी शब्द कसा ओढतो, बीटच्या जरा मागे रेंगाळतो आणि मग बरोब्बर वेळेवर येऊन बसतो. हे टायमिंग ज्याला संगीत आतून कळतं त्यालाच जमतं.

आणि शब्दांत तो काय म्हणतो, तर मी दिसायला विचित्र आहे, नाक मोठं आहे, कपडे कसेही आहेत, आणि तरी मीच इथला राजा. त्या काळात रॅपर म्हटलं की चेहरा कडक ठेवायचा, रुबाब दाखवायचा, आणि हा पठ्ठ्या सुरुवातीलाच सांगतो की तुमची ती सगळी इमेज मी आता बिघडवणार. नाच कसा करायचा तेही सांगतो, तर झटका आल्यासारखं अंग हलवा, बस्स, कुणालाही जमेल. मला हे फार आवडतं. ज्याला नाचता येत नाही, जो लग्नात कोपऱ्यात खुर्ची पकडून बसतो, त्याला हे गाणं हाताला धरून मधे आणतं.

एक तक्रार आहे. काही ओळी चांगल्याच चावट आहेत, घरात मोठी माणसं किंवा लहान मुलं असतील तर स्पीकरवर लावू नका. आणि मोबाईलच्या स्पीकरवर तर अजिबातच नको, बेसच गेला तर उरलं काय. मी मागे एक छोटा ब्लूटूथ स्पीकर घेतला होता, त्यावर हे गाणं डब्यात बंद केल्यासारखं वाजायचं, शेवटी तो देऊन टाकला. अल्बम व्हर्जनच ऐका, सहा मिनिटांच्या वर आहे, कापलेल्या व्हर्जनमधे तो रेंगाळण्याचा मजा जातो.

ज्याला रॅपर टुपाक आवडतो त्याने तर ऐकायलाच हवं, कारण टुपाकची सुरुवात याच ग्रुपसोबत झाली, आधी रोडी (म्हणजे शोचं सामान उचलणारा-लावणारा) आणि डान्सर म्हणून, आणि पुढे त्याचं 'आय गेट अराउंड' शॉक जीनेच प्रोड्युस केलं. एप्रिल २०२१ मधे शॉक जी गेला, फक्त ५७ वर्षांचा. त्या दिवशीही मी हेच गाणं लावलं होतं, डोळे भरून आले होते आणि पाय तरीही हलत होता.

पाचपैकी पाच. आता दहाव्यांदा लावतोय.