वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, आठ महिने वापरल्यानंतर

१.२ लिटरचं चार सिलिंडर पेट्रोल इंजिन, टर्बो नाही. एक्झॉस्टमध्ये कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी बॉशचा एलएसयू ४.९, म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा वाइडबँड सेन्सर, सोबत वेगळा कंट्रोलर, डॅशबोर्डवर गेज आणि कंट्रोलरचं ० ते ५ व्होल्टचं आउटपुट आकडे नोंदवणाऱ्या लॉगरला. वापर रोज सोलापूर शहरात, आणि अधूनमधून पुणे हायवेला टेंभुर्णीपर्यंत. या काळात आकडे तीनदा बिघडले. तिन्ही वेळा सेन्सर ठणठणीत निघाला. म्हणून हा अनुभव सेन्सरपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींचाच जास्त आहे.

आधी एक गैरसमज, कारण पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आल्यापासून तो वाढलाय. सेन्सर १४.७ (वजनाने एक भाग पेट्रोलला हवेचे भाग) वगैरे काही मोजत नाही, तो लॅम्डा मोजतो: १ म्हणजे प्रमाण बरोबर, त्याहून जास्त म्हणजे लीन, हवा जास्त. कंट्रोलर त्या लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. ई-२० चं खरं योग्य प्रमाण १३.५ च्या आसपास असलं तरी लॅम्डा १ ला गेज १४.७ च दाखवणार. 'ई-२० भरलं तरी १४.७ दिसतंय, म्हणजे इंजिन लीन चाललंय' हा निष्कर्ष साफ चुकीचा. गेज सरळ लॅम्डावर ठेवावं, हा घोळच उरत नाही.

आकडा संशयास्पद वाटला की पहिली तपासणी मोकळ्या हवेतली. थंड इंजिनवर सेन्सर काढायचा (२२ चा पाना, वायरसाठी खाच असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम), हवेत लटकवायचा आणि किल्ली ऑन करून अर्धा मिनिट थांबायचं. आकडा लीनच्या टोकाला जाऊन स्थिर राहिला पाहिजे. ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा कंट्रोलर असेल तर २०.९ च्या जवळ. पेट्रोलचा वास असलेल्या बंद गॅरेजमध्ये ही तपासणी करू नका. टोक तापलेलं असतं, हात लावू नका. इथे सेन्सर पास झाला तर नव्याची ऑर्डर थांबवा.

पुढचा संशयित एक्झॉस्टची गळती, माझा पहिला बिघाड, आणि सर्वांत जास्त फसवते ती हीच. लोकांना वाटतं गळतीतून धूर बाहेर जाईल, हवा आत कशी येईल? पण धूर पाइपमधून सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. आयडलला धूर कमी, म्हणून तेवढ्याशा हवेनेही आकडा बराच लीन दिसतो. रेस वाढवली की धूर वाढतो आणि चूक जवळजवळ नाहीशी होते. आयडलला लीन, २५०० आरपीएमला बरोबर, असं दिसलं की सेन्सर सोडा, खाली वाका. फ्लेक्झिबल जॉइंटची जाळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट, सेन्सरसाठी वेल्ड केलेला नट, याच क्रमाने पाहा. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर पाइप घासून जाळीला चीर जायला फार दिवस लागत नाहीत. इंजिन बंद आणि थंड असताना सायलेन्सरच्या तोंडाला ब्लोअर लावा, कडेने फडकं घट्ट कोंबा आणि जॉइंटवर साबणाचं पाणी मारा. फेस येईल तिथे फट.

मिसफायरनेही (एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न पेटण्याने) अगदी असंच होतं. न जळलेल्या पेट्रोलसोबत न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो, सेन्सर तेवढाच पाहतो आणि लीन दाखवतो. प्लग आणि कॉइल आधी बघा.

गळती नेमकी कुठे आहे हे स्कॅनरवरच्या फ्युएल ट्रिमवरून कळतं, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय त्या आकड्यावरून. कंपनीचा सेन्सर आणि वाइडबँड यांच्या मध्ये फट असेल तर ट्रिम नॉर्मल राहतात, फक्त वाइडबँड लीन दाखवतो. दोन्हींच्या आधी असेल तर प्रकरण नाजूक. ईसीयूला खोटं लीन दिसतं, तो पेट्रोल वाढवतो, ट्रिम प्लसमध्ये जातात आणि वाइडबँड शांतपणे १.०० दाखवतो, कारण भेसळ झालेली हवा त्यालाही तितकीच मिळते. गेज बरोबर दिसतंय, पण प्लग काळे पडतायत, मागे पेट्रोलचा वास येतोय, तर हेच. इनटेकची गळती असेल तर ट्रिम आयडलला प्लसमध्ये, रेस वाढवली की उतरतात, गेज १.०० आणि प्लग काळे नाहीत.

दुसरा बिघाड अर्थचा, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे जाणाऱ्या जोडणीचा. गेज एक सांगतं, लॉग दुसरंच, आणि फरक सगळीकडे जवळजवळ सारखा. ० व्होल्टला १० आणि ५ व्होल्टला २० अशी स्केल असेल तर अर्थमधल्या ०.१ व्होल्टच्या फरकाने आकडा ०.२ ने सरकतो. ट्यूनिंगसाठी ही चूक लहान नाही. इंजिन चालू, हेडलाइट आणि रेडिएटर फॅन चालू असताना कंट्रोलरचा अर्थ आणि लॉगरचा अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावा. १०-२० मिलीव्होल्टच्या वर गेलं तर दोन्ही अर्थ एकाच बोल्टवर आणा, रंग खरवडून. हीटर सुरुवातीला बराच करंट ओढतो, म्हणून सप्लाय रिलेतून घ्या. स्टिरिओच्या वायरला टॅप मारणं हा आळस नंतर महागात पडतो.

तिसरा कनेक्टर. वॉशिंग सेंटरला खालून प्रेशरने पाणी मारलं आणि दोन दिवस आकडे भरकटले. मोकळ्या हवेतसुद्धा सेन्सरचा पंपिंग करंट (ज्यावरून मोजमाप होतं तो) अडीच मिलीॲम्पिअरच्या आसपास असतो, मग ओल्या पिनांमधून गळणारा किरकोळ करंटही मोजमापात दिसतो. कनेक्टर वाळवून वर बांधला की झालं. वायर लांबवायची असेल तर कंट्रोलरच्या बाजूची लांबवा. सेन्सरच्या कनेक्टरमध्येच कॅलिब्रेशनचा रेझिस्टर असतो, तो कापून टाकला तर फॅक्टरीचं कॅलिब्रेशन त्याच्यासोबत गेलं. हीटर तपासायला राखाडी आणि पांढरी वायर, थंड असताना सुमारे ३ ओहम.

सेन्सर खरोखर मरतो तो वेगळ्या कारणांनी. साधं सिलिकॉन गॅस्केट मेकर, ऑइल जाळणारं इंजिन, आणि कंट्रोलर बंद ठेवून सेन्सर पाइपमध्येच राहू देणं, या शेवटच्यात काजळी टोकावर बसते आणि जळत नाही. पाण्याचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडला तर ते तडकतं. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतल्या थंड सकाळी पाइपमध्ये दव साचलेलं असतं, तेव्हा किल्ली ऑन ठेवून गप्पा मारत बसू नका. सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर हवा, म्हणजे पाणी त्यात थांबत नाही. मे महिन्यातल्या उन्हाचा सेन्सरला काही त्रास नाही. त्रास पाइपजवळून नेलेल्या वायरला होतो, आणि कंट्रोलर बॉनेटखाली बसवला असेल तर त्याला.

नुसतं गेज म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, स्कॅनरवर ट्रिम पाहून बहुतेक काम भागतं. ट्यूनिंग करणार असाल तर पर्याय नाही. नट एम-१८, पिच १.५, कोणत्याही लेथवाल्याकडे होतो. वेल्डिंगच्या वेळी सेन्सर काढून ठेवा आणि बसवताना ४० ते ६० न्यूटन-मीटर. त्याच आट्यांचा एक बंद प्लगही करून घ्या, सेन्सर बाहेर काढून ठेवायचा झाला की भोक झाकायला.