एरंडवण्यातील सेंद्रिय कपड्यांचे दुकान: कापड उत्तम, शिलाईचा हिशेब अपुरा

पुण्यात कर्वे रस्त्यापासून थोडे आत असलेल्या या छोट्या दुकानात सेंद्रिय सुताचे कुर्ते, शर्ट आणि ओढण्या मिळतात. मी घेतलेला निळा कुर्ता 1,850 रुपयांना पडला. लक्ष्मी रस्त्यावर तेवढ्यात दोन, घासाघीस जमत असेल तर तीनही कुर्ते येतात. तेव्हा जादा पैसे नेमके कशाचे, हे विचारणे ग्राहकाला भागच आहे.

कापडाबद्दल तक्रार नाही. वीण दाट असूनही कापड अंगाला मऊ लागते आणि शिवणीत पुरेसे मार्जिन ठेवल्याने कुर्ता पुढे सैल करून घेता येईल. पहिल्या धुण्यात रंग गेला, पण नैसर्गिक निळीचा वरवरचा थर सुटतोच, आणि कुर्ता वेगळा धुण्याची सूचना दुकानाने आधीच दिली होती.

अडचण लेबलची आहे. त्यावर ‘जीओटीएस कापड’ असे ठळक छापले आहे. जीओटीएस म्हणजेच ‘ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड’ या मानकानुसार ‘सेंद्रिय’ म्हणवून घेण्यासाठी किमान 95 टक्के प्रमाणित सेंद्रिय तंतू लागतात. मात्र हे मानक कापसापाशी थांबत नाही. सूतकताई, विणकाम, रंगाई आणि शिलाई या टप्प्यांची तपासणी, रंगाईच्या सांडपाण्यावर प्रक्रिया, बालमजुरी व वेठबिगारीला मनाई, वेतनाच्या अटी, असे सारे त्यात येते, आणि तयार कपड्याच्या लेबलवर प्रमाणन संस्थेचा उल्लेख व परवाना क्रमांक असावा लागतो. येथे दोन्ही नव्हते. विचारल्यावर काउंटरवरच्या ताईंनी तत्परतेने प्रमाणपत्र काढून दाखवले, परंतु ते गिरणीचे होते. शिलाई शहरातल्याच एका युनिटमध्ये होते आणि त्या युनिटची तपासणी झालेली नाही, हे त्यांनी न लपवता सांगितले. नगामागे मजुरी किती, काज-बटण आणि इस्त्री करणाऱ्या बायकांना वेगळे पैसे मिळतात का, याचे उत्तर मात्र मिळाले नाही.

हा कागदोपत्री काटेकोरपणा वाटेल. पण 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसे गेली, ती बहुतेक शिलाई कामगारच होती. आदल्या दिवशी भेगा दिसूनही त्यांना कामावर बोलावले गेले होते. तपासणी सर्वाधिक हवी ती याच टप्प्यावर.

टिकाऊ कापडासाठी कुर्ता घेण्यास हरकत नाही. कामगारांच्या नावाने जादा किंमत मोजायची असेल, तर आधी शिलाई युनिटचे कागद मागावेत. ओढणी मात्र निर्धास्त घ्यावी, कारण तिला शिलाई जवळजवळ लागतच नाही.